तपासणीचा एकच साचा स्त्री-पुरुष दोघांना पुरत नाही: सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय: कॅन्सर तपासणीची आखणी स्त्री आणि पुरुष यांच्या वेगवेगळ्या धोक्यांनुसार करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

कॅन्सर तपासणीची एखादी मोहीम संपली की आकडा जाहीर होतो, इतक्या लाख लोकांची तपासणी झाली. या आकड्यात बायका किती, पुरुष किती, तोंड उघडून किती जणांचे पाहिले आणि नुसता फॉर्म किती जणांचा भरला, संशयित म्हणून पुढे पाठवलेल्यांपैकी बायोप्सीपर्यंत किती पोहोचले, यातले काहीच कळत नाही. २०२२ च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ झाली. पुढच्या वर्षी पुरुषांसाठी मोहीम झाली. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राचे ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान झाले. मोहिमांना आमचा विरोध नाही. पण बाईला होणारा कॅन्सर आणि पुरुषाला होणारा कॅन्सर बहुतेक वेळा वेगळ्या अवयवात, वेगळ्या कारणाने होतो, आणि तो शोधायची तपासणीही वेगळी असते. हे माहीत असूनही आखणी मात्र एकाच साच्यातून निघते. ते गप्प बसून पाहणे आता आम्हाला जमणारे नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

आम्ही तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी करणारे, बायोप्सी घेणारे, शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी करणारे डॉक्टर, दंतवैद्य आणि परिचारिका आहोत. यात आमचा संबंध काय, तर आखणी चुकली की उशिरा सापडलेला रुग्ण आमच्यासमोर येतो. गालातला कॅन्सर नखाएवढा असताना सापडला तर एका शस्त्रक्रियेत माणूस मोकळा होऊ शकतो. तोच चौथ्या टप्प्यात आला की जबड्याचा भाग काढा, मानेतल्या गाठी काढा, मांडीची किंवा छातीची कातडी लावा, वर सहा-सात आठवडे रेडिएशन द्या, आणि एवढे करूनही खात्री नाही. गर्भाशयमुखाचे तसेच. कॅन्सर होण्याआधीचा बदल सापडला तर अर्ध्या मिनिटाच्या उपचाराने जातो. तीच बाई रक्तस्राव घेऊन दहा वर्षांनी आली तर महिनाभराहून जास्त रेडिएशन लागते.

आधी आकडे, कारण मागण्या त्यावरच उभ्या आहेत.

जगात कॅन्सरचे नवे रुग्ण स्त्रियांपेक्षा पुरुषांत जास्त. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार दर नऊ पुरुषांपैकी एक आणि दर बारा स्त्रियांपैकी एक कॅन्सरने मरतो. भारतात चित्र थोडे निराळे आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमातल्या ४३ नोंदणी केंद्रांची २०१५ ते २०१९ ची माहिती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात नव्या रुग्णांत स्त्रिया ५१.१ टक्के आहेत, मृत्यूंत मात्र ४५ टक्के. म्हणजे आपल्याकडे कॅन्सर बायकांना थोडा जास्त होतो आणि पुरुष त्याने जास्त मरतात. याचे मोठे कारण अवयवांत आहे. २०२२ च्याच अंदाजात भारतीय स्त्रियांच्या नव्या कॅन्सरपैकी सुमारे २७ टक्के स्तनाचे आणि सुमारे १८ टक्के गर्भाशयमुखाचे आहेत. हे दोन्ही वेळेत सापडले तर बरे होतात. पुरुषांत पहिला तोंडाचा, सुमारे १६ टक्के. त्यामागे फुप्फुस आणि अन्ननलिका. त्यांपैकी तोंड सोडले तर बाकीचे दोन लक्षणे दिसेपर्यंत बहुधा पुढे गेलेले असतात. मग पुरुषांच्या बाबतीत सगळा जोर तोंडावर आणि तंबाखूवर हवा, हे सांगायला कुठल्या समितीची गरज नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुरुषांना कॅन्सर जास्त होतो तो केवळ त्यांच्या व्यसनांमुळे, असे भाषणांतून सर्रास सांगितले जाते. अमेरिकेत ५० ते ७१ वयाच्या सुमारे १ लाख ७१ हजार पुरुषांचा आणि १ लाख २३ हजार स्त्रियांचा १९९५ ते २०११ असा मागोवा घेतला गेला. तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांनाही होणारे २१ प्रकारचे कॅन्सर त्यांनी पाहिले. थायरॉईड आणि पित्ताशय हे दोन स्त्रियांत जास्त निघाले, बाकी बहुतेक ठिकाणी पुरुष पुढे. धूम्रपान, दारू, वजन, आहार, औषधे हे सगळे हिशोबात धरूनही मूत्राशयाचा आणि स्वरयंत्राचा कॅन्सर पुरुषांत तिपटीहून जास्त राहिला. फुप्फुसाच्या कॅन्सरमधला फरक सवयींनी निम्मा समजतो, इतर काही ठिकाणी त्याहून खूपच कमी. उरलेला फरक शरीराचा आहे. स्त्रीकडे एक्स गुणसूत्रे दोन असतात. त्यांतले एक बहुतांशी बंद राहते, तरी गाठ होऊ न देणारी काही जनुके त्या बंद गुणसूत्रावरही चालू राहतात. अशी सहा जनुके २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिली. त्या जनुकाची एक प्रत बिघडली तरी बाईकडे दुसरी असते. पुरुषाकडे नसते. शिवाय वय वाढते तसे पुरुषाच्या काही पेशींतून वाय गुणसूत्र गळून जाते, आणि ते गळालेल्या मूत्राशयाच्या गाठी प्रतिकारशक्तीला चकवतात, असे २०२३ मधल्या संशोधनात दिसले. हे सांगायचे कारण एवढेच, की पुरुष मुळातच कमी धोक्याचा नसतो, आणि त्यावर तंबाखू पडली की धोका आणखी चढतो. अशा माणसाला तपासणीच्या रांगेत मागे ठेवणे चूक आहे. आपला फॉर्म नेमके तेच करतो.

ही आमची पहिली तक्रार. आशाताई घरोघरी जो सी-बॅक फॉर्म (मधुमेह, बीपी, कॅन्सर अशा आजारांचा धोका जोखणारी प्रश्नावली) भरतात, त्याच्या राष्ट्रीय नमुन्यात वयाला गुण आहेत. ३० ते ३९ ला १, ४० ते ४९ ला २, ५० ते ५९ ला ३. तंबाखू रोज असेल तर २. रोज दारू असेल तर १. कमरेचा घेर, व्यायाम, घरात बीपी-शुगर असणे यांचे वेगळे गुण. बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचे. आता ३५ वर्षांचा शेतमजूर घ्या. रोज चार-पाच खर्रे (तंबाखू आणि सुपारी घोटून केलेल्या पुड्या), अंगाने काटक, दिवसभर काम, घरात कुणाला मधुमेह नाही. वयाचा १, तंबाखूचे २, बाकी शून्य. बेरीज ३. तो मागे राहिला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, तंबाखूला कधीही हात न लावलेला गृहस्थ ४ च्या वर जातो आणि आधी बोलावला जातो. मधुमेहासाठी ते बरोबरच आहे. तोंडाच्या कॅन्सरसाठी सपशेल उलटे आहे. गंमत नव्हे, दुःखाची बाब अशी की कमरेच्या घेरासाठी या फॉर्ममध्ये बाई आणि पुरुष यांची मापे वेगळी धरली आहेत, ८० आणि ९० सेंटीमीटर. म्हणजे लिंगानुसार धोका वेगळा असतो हे फॉर्म करणाऱ्यांना मान्य होते. कॅन्सरच्या बाबतीत ते विचारात घेतले गेले नाही. लक्षणांच्या भागात ‘फक्त महिलांसाठी’ असा प्रश्नांचा गट आहे, आणि तो हवाच. पुरुषांसाठी तसा गट नाही. लघवीतून न दुखता रक्त जाणे, अंडकोषात कडक गाठ, लिंगावरची बरी न होणारी जखम किंवा कातडी मागे न सरकणे, हे प्रश्न पुरुषाला कुणी विचारत नाही आणि तो स्वतःहून सांगत नाही.

त्याच फॉर्मची दुसरी खोट मिश्रीची. राष्ट्रीय नमुन्यात धूर नसलेल्या तंबाखूची उदाहरणे म्हणून गुटखा आणि खैनी यांची नावे येतात. महाराष्ट्रातल्या बाईला हा प्रश्न लागू पडत नाही. ती तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजते, कुटून बारीक करते आणि सकाळी बोटाने हिरड्यांना लावते. काही जणी दिवसातून चार-पाच वेळा लावतात आणि बराच वेळ तोंडात धरतात. तिच्या लेखी ते दात घासणे आहे. ‘तंबाखू खाता का?’ याला ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते आणि तंबाखूच्या रकान्यात शून्य पडतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ३५.५ टक्के पुरुषांत आणि १७ टक्के स्त्रियांत तंबाखूची सवय आढळली. विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया त्यात जेमतेम दीड टक्का होत्या, बाकी जवळजवळ सगळ्या तोंडात धरणाऱ्या. देशभरातल्या सरासरी स्त्रीपेक्षा (१४.२ टक्के) आपल्याकडचे प्रमाण जास्त आहे. तेव्हा प्रश्न नावानिशी विचारा. मिश्री लावता का, तपकीर ओढता किंवा लावता का, विदर्भात खर्रा, नगरकडे मावा, नुसती सुपारी किती, आणि रात्री तोंडात धरून झोपता का. या शेवटच्या प्रश्नाला फॉर्ममध्ये जागाच नाही. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ती २००४ मध्येच माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली.

तिसरी तक्रार खुद्द तोंडाच्या तपासणीची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी १.२ टक्के पुरुषांनी तोंडाची तपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले. स्त्रियांत तोंडाची ०.९ टक्के, स्तनाची ०.९, गर्भाशयमुखाची १.९. हे आकडे देशाचे आहेत. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ३० ते ६५ वयाच्या प्रत्येकाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी.

तोंडाची तपासणी म्हणजे ‘आ करा’ म्हणून टॉर्च मारणे नव्हे. आधी चूळ भरायला लावायची, कवळी असेल तर काढायला सांगायची. हातमोजे, चांगला पांढरा प्रकाश, दोन आरसे किंवा लाकडी पट्ट्या, गॉझचा तुकडा. ओठ बाहेरून आणि आतून. मग एका बाजूचा गाल, गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच, शेवटच्या दाढेमागचा कोपरा, आणि तसेच दुसऱ्या बाजूला. आपल्या लोकांची तंबाखूची गोळी जिथे ठेवलेली असते ती ही खाच, आणि चट्टा तिथेच असतो. पट्टीने गाल बाहेर ओढल्याशिवाय तो दिसत नाही. मग जीभ गॉझने धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढून कडा पाहायच्या, जीभ वर उचलून खालचा भाग, शेवटी टाळू. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला की बोट फिरवून तो कडक लागतो का पाहायचे आणि मानेत गाठी चाचपायच्या. सगळे मिळून चार-पाच मिनिटे लागतात. तोंड किती उघडते हेही मोजायचे. माणसाची स्वतःची तीन बोटे उभी आत जायला हवीत. दोनच जात असतील तर सुपारीने गाल आतून आखडायला लागले आहेत. तिखट सहन न होणे ही त्याची सुरुवात असते, आणि ती विशीतही दिसते. तिशीपासूनची तपासणी या मुलांना गाठतच नाही.

या तपासणीने माणसे वाचतात हे केरळात सिद्ध झाले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ मध्ये दिसले, आणि पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही २४ टक्क्यांची घट टिकून होती. ज्यांना सवय नाही त्यांच्यात फायदा दिसला नाही. म्हणजे ही तपासणी सगळ्यांवर पातळ पसरवायची नाही, सवय असलेल्यांना शोधून करायची आहे.

ते सापडायचे कुठे? आरोग्य केंद्राच्या वेळेत पुरुष शेतावर, कारखान्यात किंवा रिक्षावर असतो. मजुरी बुडवून, दुखत नसलेले तोंड दाखवायला तो येणार नाही. आशाताईला, एएनएमला तो नीट उत्तरही देत नाही, आणि रात्री-संध्याकाळी परक्या पुरुषाला असे प्रश्न विचारायला त्यांना पाठवणेही योग्य नाही. मग शिबिरात बायकाच जमतात आणि त्यांचीच तोंडे तपासून आकडा पुरा होतो. पुरुषांची तपासणी बाजार समितीत पहाटेच्या लिलावाआधी, आठवडी बाजारात, एसटी आगारात, एमआयडीसीच्या गेटवर पाळी बदलताना, साखर कारखान्याच्या गाडीतळावर व्हायला हवी. पुरुष आरोग्य सेवकाचे पद त्यासाठी आहे. तिथेच तंबाखू सोडवण्याचा समुपदेशक हवा आणि राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक हातात द्यायला हवा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती टपरीवर दिसत नाही, हे विभागालाही ठाऊक आहे.

आता बायकांकडे येतो.

गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी आपण व्हीआयए वापरतो, म्हणजे ॲसेटिक ॲसिडचे सौम्य द्रावण लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी पाहतो. पद्धत चांगली आहे. मुंबईच्या वस्त्यांत आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी ती केली आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण ती करणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यावर अवलंबून आहे. द्रावण ५ टक्क्यांचे लागते. ९५ मिलि डिस्टिल्ड पाणी घ्यायचे, त्यात ५ मिलि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ओतायचे, तेही रोजचे रोज. भिजलेला बोळा गर्भाशयमुखावर टेकवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबायचे, मगच पाहायचे. दोन पेशीस्तर जिथे मिळतात त्या रेषेला चिकटलेला, दाट, ठळक कडेचा पांढरा डाग असेल तरच तपासणी पॉझिटिव्ह. रेषेपासून दूरचा फिकट पांढरेपणा धरायचा नाही.

यात बिघडते ते असे. कालचेच द्रावण आज वापरले की ते सौम्य पडते, डाग उठत नाही आणि बाई ‘नॉर्मल’ म्हणून घरी जाते. रांग मोठी असली की एका मिनिटाचे पंधरा सेकंद होतात, परिणाम तोच. पिवळ्या टॉर्चमध्ये पांढरा डाग ओळखूच येत नाही. उलट, न मिसळलेले ॲसिड चुकून लागले तर भाजते. आणि पाळी गेलेल्या बाईत ती रेषा आत सरकलेली असते, समोरून दिसत नाही, म्हणून पन्नाशीनंतर व्हीआयएवर भिस्त ठेवता येत नाही. तरीही ६५ पर्यंतच्या बायकांवर तीच वापरली जाते आणि निगेटिव्ह अहवालाने त्यांना खोटा धीर मिळतो.

याला पर्याय आपल्याच राज्याने जगाला दाखवला. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ४९७ गावांत ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका एका अभ्यासात घेतल्या गेल्या. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था यांचे ते काम. त्यांत एका गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणी झाली. आठ वर्षांत त्या गटात पुढच्या टप्प्याचे कॅन्सर आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चौसष्टच्या जागी चौतीस मृत्यू. हे २००९ साली छापून आले. जागतिक आरोग्य संघटना आता एचपीव्ही चाचणीच आधी करायला सांगते, तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी, आणि नमुना बाईने स्वतः आडोशाला जाऊन घेतला तरी चालतो. तपासणीच्या टेबलावर पडायच्या लाजेने न येणाऱ्या बायकांचा अडसर त्याने दूर होतो. ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी हा पुरावा दिला, त्यांच्या लेकीसुनांना ती चाचणी सरकारी केंद्रात सहज मिळायला हवी, यात काय चुकीचे आहे?

एचआयव्ही असलेल्या बायकांचा धोका सहापट असतो. त्यांची तपासणी पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी व्हायला हवी. त्या एचआयव्हीच्या औषधासाठी एआरटी केंद्रात येतातच. तिथेच नमुना घ्या.

पॉझिटिव्ह बाईला ‘पुढच्या मंगळवारी जिल्ह्याला या’ असे सांगणे म्हणजे तिला हातची घालवणे. थर्मल ॲब्लेशनचे, म्हणजे बिघडलेला भाग उष्णतेने जाळायचे, हातात मावणारे यंत्र बॅटरीवर चालते, गॅसचे सिलिंडर लागत नाही. टोक १०० अंशांवर २० ते ३० सेकंद टेकवायचे. डाग आत नळीत गेलेला नसेल, तीन चतुर्थांशापेक्षा कमी भाग व्यापत असेल आणि कॅन्सरची शंका नसेल, तर उपचार त्याच दिवशी पुरा होतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईसाठी हे फार महत्त्वाचे आहे. दसरा-दिवाळीनंतर कोयता निघाला की ती सहा महिने गावात नसते, आणि फडावर एका दिवसाचा खाडा म्हणजे मुकादमाची कपात.

त्याच बायकांची सर्वांत मोठी फसवणूक कॅन्सरच्या नावाने झाली. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाच्याच समितीने केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल’ ही भीती घातली गेल्याच्या तक्रारी तेव्हा पुढे आल्या. पांढरे जाणे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचे असते आणि गोळ्यांनी बरे होते. कॅन्सरची शंका आहे की नाही, ते एका चाचणीने कळते. पिशवीबरोबर बीजांडेही काढली तर पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. तपासणी गावात नसली की तिची जागा भीती घेते आणि भीतीतून ऑपरेशन विकले जाते.

स्तनाबद्दल थोडक्यात. मुंबईत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांवर वीस वर्षे चाललेल्या अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्तीने दर दोन वर्षांनी हाताने तपासल्यावर पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसे झाले नाही. अर्थ सरळ आहे. पन्नाशीपुढच्या बायका एकही सुटू नयेत, आणि पाच वर्षांचे अंतर फार आहे. पुरुषालाही हा कॅन्सर होतो, शंभरात साधारण एक, आणि निप्पलमागची गाठ तो हमखास अंगावर काढतो.

मूत्राशयाचे उलट आहे. तो पुरुषांचा आजार म्हणून ओळखला जातो, त्यामुळे बाईच्या लघवीत रक्त दिसले की जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिकचे कोर्स वर कोर्स दिले जातात. लघवीचे कल्चर (जंतूंची तपासणी) निगेटिव्ह असूनही रक्त येत असेल किंवा एका कोर्सनंतर पुन्हा आले, तर सोनोग्राफी आणि दुर्बिणीने तपासणी व्हायलाच हवी, बाई असो की पुरुष. एवढा एक नियम वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्या.

लहान मुलांतही फरक दिसतो, पण तो सगळा शरीराचा नाही. भारतातल्या नोंदींत कॅन्सर झालेले मुलगे मुलींपेक्षा इतके जास्त आहेत की श्रीमंत देशांतल्या प्रमाणाशी ते जुळत नाही. आजारी मुली रुग्णालयापर्यंत आणल्याच जात नाहीत, हाच त्याचा बराचसा उलगडा आहे.

आमच्या मागण्या अशा:

१. सी-बॅक फॉर्ममध्ये रोज तंबाखू, सुपारी किंवा मिश्री असलेल्या व्यक्तीला, बेरीज कितीही येवो, तोंडाच्या तपासणीसाठी थेट प्राधान्य द्या. ही सवय असेल तर वयाची अट ३० वरून १८ वर आणा. मिश्री, खर्रा, मावा, तपकीर नावानिशी लिहा. पुरुषांसाठी लक्षणांचा वेगळा गट घाला.

२. पुरुषांच्या तोंडाच्या तपासणीचे उद्दिष्ट पुरुष आरोग्य सेवक आणि दंतशल्यचिकित्सक यांना वेगळे द्या, आणि महिन्यातले किमान चार दिवस ती केंद्राबाहेर, पुरुष असतील तिथे आणि त्या वेळेला होऊ द्या.

३. एचपीव्ही चाचणी धाराशिव, बीड आणि सोलापूर जिल्ह्यांपासून सुरू करा, स्वतः नमुना घेण्याच्या सोयीसह. तोवर जिथे व्हीआयए चालते तिथे रोज ताजे द्रावण, पांढरा दिवा आणि भिंतीवर सेकंदकाट्याचे घड्याळ असल्याची दरमहा पाहणी करा. पन्नाशीपुढे व्हीआयए थांबवा.

४. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात थर्मल ॲब्लेशनचे यंत्र आणि ते चालवणारी प्रशिक्षित व्यक्ती द्या. ऊसतोड कामगारांच्या गावांत तपासणी आणि उपचार दसऱ्याआधी पुरे करा.

५. चाळिशीच्या आतल्या बाईची गर्भपिशवी काढण्याआधी गर्भाशयमुखाच्या तपासणीचा अहवाल आणि दुसऱ्या डॉक्टरचे लेखी मत बंधनकारक करा. खासगी रुग्णालयांनाही.

६. संशयित रुग्णाची बायोप्सी तालुक्याच्या ठिकाणी, त्याच आठवड्यात, विनाशुल्क. अहवाल चौदा दिवसांत. बाईला सोबत येणाऱ्याचे एसटी भाडे द्या. सोबत नाही म्हणून उपचार अर्धे राहतात.

७. एचपीव्हीची लस पुण्यातच बनते आणि तिला मुलगे-मुली दोघांसाठी परवानगी आहे. आधी शाळाबाह्य मुलींसह सर्व मुलींना ती पुरी द्या. मुलग्यांचा विचार त्यानंतर, पण वेळापत्रकासह जाहीर करा.

८. दर तिमाहीला जिल्हानिहाय आकडे प्रसिद्ध करा. तपासलेले, संशयित, बायोप्सी झालेले, निदान झालेले, उपचार सुरू झालेले आणि पुरे झालेले, प्रत्येक रकाना स्त्री आणि पुरुष असा वेगळा, कॅन्सर सापडला तेव्हाच्या टप्प्यासह. भरलेला फॉर्म तपासणी म्हणून मोजू नका. मुंबईत १९६३ पासून आणि बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून कॅन्सरची नोंदणी होते, तेव्हा हे आपल्याला जमत नाही असे म्हणता येणार नाही.

प्रशिक्षणासाठी आमच्यातले दंतवैद्य, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि परिचारिका आपापल्या जिल्ह्यांत विनामोबदला वेळ द्यायला तयार आहेत. यांतल्या कोणत्या मागण्या मान्य, कोणत्या अमान्य आणि का, ते विभागाने ४ फेब्रुवारीच्या जागतिक कर्करोग दिनापूर्वी लेखी कळवावे आणि विभागाच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचता येईल असे ठेवावे.

आपले,
राज्यातल्या कॅन्सर तपासणी आणि उपचारांत काम करणारे डॉक्टर, दंतवैद्य आणि परिचारिका